कप्तानसाहेबांची ठेव

धर्मगुरूचा आणि तलवारीचा संबंध तो काय असायचा! संत पौलाच्या पुतळ्याच्या हातातील एक, आणि संत मार्टिन जिने आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्यास देतो ती दुसरी, एवढ्याच तलवारी आम्हांस लहानपणापासून ठाऊक होत्या. तिसरी आमच्या हाती आली ती चाळिशी उलटल्यावर, आणि तिच्यापायी आमच्या हातून जे घडले ते आज या पानांवर लिहून टाकावे असे वाटते. त्यात आमची शोभा नाही. परंतु वाचकांच्या घरोघरी जुन्या वस्तू आहेत, तेव्हा कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

वर्ष २०१३. आम्ही तेव्हा वसई भागातील एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू होतो. सणाच्या निमित्ताने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवावे असे ठरले. जाती, उखळे, रहाटाचे लोटे, तांब्याचे हंडे, आज्यांची लाल लुगडी, लॅटिन मिस्साग्रंथ असे पुष्कळ काही जमले. एके संध्याकाळी गावातील एक वयोवृद्ध गृहस्थ जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांबट वस्तू घेऊन आले. त्यांना सारा गाव ‘बाबा’ म्हणे. धोतर सोडले तेव्हा आतून तपकिरी चामड्याच्या म्यानातील एक तलवार निघाली.

“फादर, ही प्रदर्शनात मांडा. पण आमची म्हणून चिठ्ठी लावू नका,” बाबा म्हणाले. “ही ठेव आहे.”

मग त्यांनी हकीकत सांगितली. त्यांचे आजोबा पुण्याच्या लष्करी छावणीत एका गोऱ्या अधिकाऱ्याकडे स्वयंपाकी होते. पहिल्या महायुद्धात साहेब बसऱ्याच्या लढाईवर निघाला तेव्हा त्याने एक पेटी आणि ही तलवार आजोबांच्या स्वाधीन केली, आणि परत आलो की घेईन, असे सांगून तो बोटीत बसला. पेटी पुढे पलटणीचे लोक घेऊन गेले. तलवार मात्र गावी नेलेली होती, ती राहिली. साहेब काही परतला नाही. आजोबांना अक्षरओळख नव्हती. साहेबाचे नाव त्यांनी कधी उच्चारले असेल तर ते घरात कोणाच्या लक्षात राहिले नाही. सगळे त्याला ‘कप्तानसाहेब’ म्हणत. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, हे कुटुंब कप्तानसाहेबांसाठी एक मिस्सा अर्पण करवीत असे. आमच्या मिस्साच्या वहीत ‘कप्तानसाहेब’ अशी नोंद आम्ही स्वतः दोन वर्षे केली होती, आणि हे गावातील कोणाचे तरी टोपणनाव असावे अशी आमची समजूत होती!

तलवार म्यानातून ओढली तेव्हा पाते काळपट तपकिरी दिसले. मधूनमधून गंजाचे ठिपके होते. परज, म्हणजे मुठीवर हाताच्या रक्षणासाठी असलेले कवच, पोलादी आणि जाळीदार नक्षीचे होते, तेही मळकट. आम्ही सेमिनरीत वाढलेले. तेथे दर शनिवारी वेदीवरील पितळी मेणबत्तीदाने चिंच आणि राख लावून घासण्याचे काम आमच्याकडे असे, आणि त्यात स्वतःचे तोंड दिसेपर्यंत आमचे रेक्टर आम्हांस सोडीत नसत. चकाकी म्हणजे आदर, हे समीकरण तेव्हापासून मनात पक्के बसलेले. बाबांची ठेव अशी मळकट मांडायची? आम्ही दोन वेदीसेवकांना बोलावले, बाजारातून पॉलिश कागद आणवला आणि शनिवारची दुपार सत्कारणी लावली.

घासता घासता त्यांपैकी एक मुलगा म्हणाला, “फादर, इथे काहीतरी लिहिलंय.”

“घास, म्हणजे स्वच्छ दिसेल,” आम्ही उत्तरलो.

सायंकाळपर्यंत पाते आरशासारखे झाले. लिहिलेले काही दिसेना. आमच्या मनास त्याचे काही वाटले नाही. प्रदर्शनात तलवारीभोवती गर्दी झाली, आणि बाबाही जरा वेळ तिच्यासमोर उभे राहिले. बोलले काही नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेले एक निवृत्त लष्करी अधिकारी तेथे थबकले. त्यांना जुनी शस्त्रे संग्रही ठेवण्याचा नाद होता. त्यांनी वाकून पाते न्याहाळले, परजेत डोकावून पाहिले आणि हळूच विचारले, “ही घासली कोणी?” आम्ही काहीशा अभिमानाने ‘आम्हीच’ म्हणालो. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मान हलवली आणि ते पुढील टेबलाकडे वळले. त्या मान हलवण्याचा अर्थ कळण्यास आम्हांस एक वर्ष लागले.

२०१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण भागातील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, आम्ही सहा आठवडे सेवेस होतो. पहिल्या महायुद्धास त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती आणि चर्चच्या सभागृहात युद्धकाळातील वस्तू मांडल्या होत्या. त्यांत एका कपाटात चार तलवारी होत्या, आणि त्यांचे मालक, एक निवृत्त शिक्षक, दररोज सकाळच्या मिस्सेस येत. आम्ही त्यांना आमच्या धर्मग्रामातील तलवारीची गोष्ट सांगितली. त्यांनी आम्हांस घरी चहास बोलावले, हाती सुती मोजे दिले आणि म्हणाले, “बोटांच्या घामात मीठ असते, फादर. आज लागलेला ठसा पुढच्या महिन्यात गंज होऊन दिसतो.”

त्या दुपारी आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

ब्रिटिश सैन्यातील सामान्य शिपायाचे शस्त्र सरकारचे असे. अधिकाऱ्याची तलवार मात्र त्याच्या पदरच्या पैशाची. नमुना सरकारने ठरवलेला, पण खरेदी ज्याची त्याने करावयाची. त्यामुळे अनेक अधिकारी आपली आद्याक्षरे किंवा कुलचिन्ह पात्यावर कोरवून घेत. पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी १८२२ साली ठरलेल्या नमुन्याची मूठ पितळी, सोनेरी मुलाम्याची असे. १८९२ मध्ये नवे सरळ पाते आले. ते कापण्यापेक्षा भोसकण्यासाठी अधिक योग्य होते. १८९५ मध्ये पोलादी परज आली. या परजेची आतील कड अंगावरील डगल्यास घासून कापड विरते, अशी अडचण दिसल्यावर १८९७ मध्ये ती कड वाकवून घेतली गेली. तोच १८९७ चा नमुना ब्रिटिश पायदळाचे अधिकारी आजही संचलनात धारण करतात. पाते साडेबत्तीस इंचांचे. मूठ मुशीच्या किंवा पाकटाच्या खरखरीत कातड्याने मढवलेली आणि वर तारेचे वेटोळे, म्हणजे घामट हातातूनही ती निसटू नये. आमच्या कोळीवाड्यात जे मासे रोज उतरतात त्यांचे कातडे इंग्लंडच्या सरदारांच्या मुठीत, हे ऐकून आम्हांस मौज वाटली.

परजेवर राजाचे किंवा राणीचे मुद्राक्षर असते. व्हिक्टोरिया राणीचे असेल तर तलवार १९०१ पूर्वीची, सातव्या एडवर्डचे असेल तर १९०१ ते १९१० मधील, पाचव्या जॉर्जचे असेल तर त्यानंतरची. बाबांच्या तलवारीवर व्हिक्टोरियाचे मुद्राक्षर होते, आणि परजेची कड आत वळलेली होती. म्हणजे ती १८९७ ते १९०१ या चार वर्षांतील. तरुणपणी नव्याने अधिकारपद मिळालेला कोणी १९१५ च्या सुमारास कप्तान असणे अगदी जुळते. तपकिरी चामड्याचे म्यानही जुळले. ते ज्या कमरपट्ट्याला अडकवीत तो सॅम ब्राउन नावाच्या अधिकाऱ्याने शोधला. १८५८ साली हिंदुस्थानातील लढाईत त्याचा डावा हात गेला, आणि एका हाताने तलवार उपसणे सोपे व्हावे म्हणून त्याने खांद्यावरून जाणारा पट्टा जोडला.

“आता सांगा, यांतील कोणती तलवार तुम्ही घ्याल?” यजमानांनी दोन तलवारी शेजारी ठेवून विचारले. एक लखलखीत होती. दुसरी करडी, ठिकठिकाणी काळसर. आम्ही अर्थातच लखलखीत तलवारीकडे बोट दाखवले. ते हसले.

संग्राहक तलवारीची स्थिती कशी पाहतो ते त्यांनी मग समजावले. पात्यावरील नक्षी खोल कोरलेली नसते. आम्लाने पोलादाचा अगदी पातळ थर खाऊन ती उमटवलेली असते. नक्षीचा भाग बर्फासारखा धूसर आणि भोवतालचा चकचकीत, या दोहोंतील भेद म्हणजेच तिचे सौंदर्य. पॉलिश कागद हा भेद प्रथम पुसतो आणि मग नक्षीच पुसतो. पोलादावर वयपरत्वे येणारी स्थिर तपकिरी-करडी छटा हा मळ नसून एक प्रकारचे कवच असते. शत्रू खरा तो नारिंगी, भुकटीसारखा सुटणारा जिवंत गंज. तो थांबवावा लागतो, पण त्यास पातळ तेल, मऊ कापड आणि पुष्कळ धीर पुरतो. गंजाने पडलेले खड्डे भरून येत नाहीत. ते घालवायचे तर भोवतालचे पोलाद त्यांच्या पातळीपर्यंत उतरवावे लागते, आणि तलवार तेवढी कमी होते. सोनेरी मुलाम्याच्या मुठीवर पितळ चमकवण्याचे औषध चोळले तर पितळ चमकते खरे, पण सोने फडक्यावर येते.

धारेविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या मनातून जात नाही. शांततेच्या काळात या तलवारींना धार नसे. रणांगणावर जाण्याचा हुकूम सुटला की अधिकारी त्या शिकलगाराकडे देत. ऑगस्ट १९१४ मध्ये असेच झाले. म्हणून धार लावलेली दिसली तर जाणकार तो दोष मानीत नाही. तो माणूस खरोखर युद्धावर निघाला होता याचा तो पुरावा असतो. सहाणेच्या बारीक तिरप्या रेघा धारेवर दिसतात, त्यावरून ती धार त्या काळची की कोणा हौशी माणसाने नंतर लावलेली हे ओळखता येते. बाबांच्या तलवारीला धार होती. रेघा होत्या की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. आम्ही धारेवरूनही कागद फिरवला होता.

मूळ म्यान, मूळ कातडे, न ढिलावलेली तार, पाते आणि परज यांमधील चामड्याची छोटी चकती, हे सारे मूळचे असेल तर किंमत वाढते. सर्वांत मोलाचे मात्र नाव. नाव कळले तर जुन्या लष्करी याद्यांत त्या माणसाची पलटण, बढत्या आणि मृत्यू शोधता येतो. निनावी तलवार ही एक वस्तू. नाव कळलेली तलवार हे एका माणसाचे चरित्र, असे यजमान म्हणाले.

“तुमच्या तलवारीवर आद्याक्षरे होती का, फादर?”

त्या क्षणी आम्हांस वेदीसेवकाचा आवाज आठवला. चहा कधीच निवला होता. आम्ही म्हणालो, “होती.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग उठून त्यांनी स्वतःची करडी तलवार खिडकीपाशी नेली आणि पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, उजेडात धरली. तेथे पाच आकडे ठोकलेले होते. लंडनच्या विल्किन्सन कारखान्याने १८५४ च्या सुमारास आपल्या उत्तम तलवारींना असे अनुक्रमांक घालण्यास आरंभ केला आणि नोंदवह्या ठेवल्या. त्यांत कित्येक अंकांपुढे विकत घेणाऱ्याचे नाव आहे. कारखान्याने २००५ मध्ये तलवारी करणे थांबवले, तरी त्या नोंदी उरल्या आहेत. “पात्याच्या बुडाशी पितळेचा गोल ठिपका आहे का पाहा. शेजारी कारखान्याचे नाव असेल. मग पाठ पाहा. पाठ कोणी फारशी घासत नाही.”

गावी परतताच आम्ही बाबांच्या घरी गेलो. पितळेचा ठिपका होता. त्याच्या दुसऱ्या बाजूस परजेच्या आडोशाला कागद नीट पोहोचला नव्हता, त्यामुळे विल्किन्सनचे नाव निम्मे वाचता येत होते. पाठीवर पाच आकडे होते. पहिले तीन स्पष्ट. उरलेले दोन झिजलेले, आणि ते गंजाने झिजले की आमच्या हातून, हे ठरवण्यास साधन नाही. दोन आकडे अज्ञात म्हणजे शंभर तलवारी, शंभर माणसे. आद्याक्षरे असती तर त्या शंभरांतून एक वेगळा काढता आला असता.

आम्ही पापनिवेदने ऐकत आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे. परंतु त्या ओसरीवर बसून बाबांना हे सांगताना शब्द जुळेनात. आम्ही क्षमा मागितली. बाबा म्हणाले, “फादर, तुम्ही घासत होता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आमच्या आजोबांनी तिला खोबरेल तेलाशिवाय काही लावलं नाही. साहेबाला दिली तशीच परत द्यायची, असं म्हणायचे.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “मी प्रदर्शनात तेव्हाच बोललो असतो, पण चार माणसांत तुम्हाला कसं सांगायचं?”

आमच्या कॉलरचा हा मान त्या तलवारीस फार महाग पडला. गावात धर्मगुरूच्या हाती एखादी वस्तू दिली की ती सुरक्षित, असे लोक धरून चालतात, आणि आम्हीही तसेच धरून चाललो. विचारावे असे आम्हांस सुचले नाही. सांगावे असे बाबांना धजावले नाही. चांगल्या हेतूने केलेल्या कामाची ही एक गोम आहे: त्यात मधे कोणी हटकत नाही.

तलवार साहेबाच्या वंशजांस परत धाडावी ही बाबांची इच्छा होती. चौकशीत कळले की शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी माणसास देशाबाहेर पाठवता येत नाही. तलवार घरात ठेवण्यासंबंधी शस्त्र कायद्याचे नियमही ठिकाणपरत्वे लागू असतात. वाचकांपैकी कोणाकडे असे शस्त्र असेल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. तेव्हा तलवार येथेच राहणार होती. परंतु नाव कळले असते तर त्या घरी पत्र गेले असते, छायाचित्र गेले असते, आणि आमच्या मिस्साच्या वहीतील नोंद बदलली असती.

बाबांचे २०१८ साली निधन झाले. त्या सुमारास आमची बदलीही झाली होती. तलवारीचे आता काय, असे मनात येई. मात्र बाबांच्या नातवाने ती मनावर घेतली. इंग्लंडच्या त्या गृहस्थांकडून शिकलेले सारे आम्ही त्यास लिहून दिले होते: पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि आपली किनाऱ्याची हवा मुळातच खारट, म्यान वेगळे, पाते वेगळे, हात लावताना मोजे, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पातळ तेलाचा हात, आणि संग्रहालयांत वापरतात तसे मेण मिळाल्यास उत्तम. तो हे सारे करतो. एकदा त्याने आम्हांस बोलावून घेतले. अंधाऱ्या खोलीत त्याने पात्याच्या पाठीवर अगदी आडवा, जमिनीलगतच्या सायंप्रकाशासारखा, विजेरीचा झोत टाकला आणि एकेका अंशाने तो फिरवीत छायाचित्रे काढली. सरळ उजेडात न दिसणारे आकडे आडव्या उजेडात सावली टाकतात. चौथा आकडा तीन किंवा आठ असावा, एवढे त्यातून निघाले. पाचवा निघाला नाही. शंभरांचे वीस झाले.

तो वेदीसेवकही आता मोठा झाला आहे. त्याला आम्ही विचारले, काय लिहिले होते, आठवते का? तो म्हणाला, “एक अक्षर इंग्रजी एम होतं, फादर. किंवा डब्ल्यू. तलवार मी कुठल्या बाजूनं धरली होती ते आठवत नाही.” नातवाने ते कागदावर टिपून घेतले. वीस क्रमांक आणि ही दोन अक्षरे घेऊन तो आता जुन्या नोंदींतील नावे मिळवण्याच्या खटपटीस लागला आहे. वीस नावांत एम किंवा डब्ल्यू किती निघतील हे देवास ठाऊक; एकच निघाले तर बाबांच्या आजोबांचा शब्द शंभराहून अधिक वर्षांनी पुरा होईल.

वाचकहो, आपल्या माळ्यावर, पेटाऱ्यात, देव्हाऱ्याच्या मागे अशा वस्तू असतात. आजोबांचे बिल्ले, पणजीचे दागिने, काळा पडलेला क्रूस, बुरसटलेले चर्चचे दस्तऐवज. त्यांवर हात फिरवावासा वाटतो, सणासुदीला तर अधिकच. आमची विनंती एवढीच, की घासण्यापूर्वी ती वस्तू खिडकीपाशी न्यावी, तिरप्या उजेडात धरावी आणि तीवर काय लिहिले आहे ते आधी कागदावर उतरवून घ्यावे. आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसास विचारावे. तो आपणहून बोलेलच असे नाही.

येत्या २ नोव्हेंबरची मिस्सा त्या कुटुंबाने आताच सांगून ठेवली आहे. आम्ही त्या धर्मग्रामात आता नाही, तरी नातवाच्या आग्रहावरून ती आम्हीच अर्पण करणार आहोत. वहीत तूर्त ‘कप्तानसाहेब’ असेच लिहिले आहे. त्यापुढे थोडी जागा कोरी सोडली आहे.